साडेतेरा फूट

आमच्या घराची रुंदी साडेतेरा फूट आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत, आतल्या आत. मी ती इतक्या वेळा मोजली आहे की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. दर वेळी टेप काढताना वाटायचं, या खेपेला एखादा इंच जास्त निघेल. नाही निघाला.

फिलाडेल्फियाच्या दक्षिण भागातली आमची गल्ली म्हणजे लाल विटांच्या, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांची रांग. शेजारणीची उजवी भिंत तीच आमची डावी भिंत. खाली तळघर, वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर पुढे एक खोली आणि मागे त्याहून लहान दुसरी. जिना कोपऱ्यात कोंबलेला, गोल वळणाचा. पुढे अंगण नाही, ओटा नाही. दाराखाली तीन संगमरवरी पायऱ्या आणि लगेच फुटपाथ. २०११ साली आम्ही दोघंच होतो तेव्हा "काय छान जुनं आहे ना!" एवढ्या एका वाक्याच्या बळावर हे घर घेतलं. मग दोन मुलं झाली. सायकली आल्या, बर्फातले बूट आले, भारतातून दर खेपेला दोन बॅगा भरून येणारं सामान आलं. तांदळाचं पोतं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर राहायला लागलं.

२०१९ साली बाबा गेले. २०२२ च्या सुरुवातीला ठरलं की आईने आता इकडेच यायचं. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, आणि आमच्या जिन्याची एकेक पायरी नऊ इंच उंच, आतल्या बाजूला तर जेमतेम बोटभर रुंद. म्हणजे आईची झोपायची खोली आणि बाथरूम तळमजल्यावरच हवी. तळमजल्यावर काय होतं? बैठकीची खोली, स्वयंपाकघर, आणि वर सांगितलेलं सगळं सामान.

तेव्हा कुठे मी पहिल्यांदा विचार करायला लागले, की हे साडेतेरा फूट आले कुठून?

सुरुवात मोठी ऐसपैस आहे. विल्यम पेनने १६८२ साली हे शहर आखलं तेव्हा त्याच्या मनात हिरवंगार खेडेवजा नगर होतं. लंडनमधली १६६५ ची प्लेगची साथ आणि १६६६ ची आग त्याच्या पिढीने पाहिलेली. त्यामुळे प्रत्येक घर मोठ्या जागेच्या मधोमध असावं, चारी बाजूंना बाग असावी, म्हणजे आग एका घरावरून दुसऱ्यावर उडी मारणार नाही, असा त्याचा बेत. थॉमस होमने त्याप्रमाणे काटकोनातल्या रस्त्यांचा नकाशाही काढला. पण माणसांना बाग नको होती, डेलावेअर नदीचा धक्का जवळ हवा होता. धंदा तिथे, बोटी तिथे, मजुरी तिथे. मग मोठ्या जागांचे मालक आपली जागा मधोमध चिरून आत बोळ काढायला लागले आणि बोळाच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या पाडून विकायला लागले. एल्फ्रेथ्स ॲली नावाचा असा एक अठराव्या शतकातला बोळ अजून नांदता आहे, पर्यटक फोटो काढायला जातात. आपल्या पेठांमधल्या वाड्यांचं पुढे जे झालं, तेच इथे आधी होऊन गेलेलं आहे.

पट्टी किती रुंद पाडायची? याचं उत्तर लाकडात आहे. या घरांमध्ये मजल्याच्या तुळया पुढून मागे जात नाहीत, डाव्या सामाईक भिंतीतून उजव्या सामाईक भिंतीत जातात. दोन्ही टोकं विटांमध्ये केलेल्या खाचेत बसवलेली. मधे खांब न देता एका तुळईने सहज पेलावं इतकंच अंतर, म्हणजे साधारण चौदा-सोळा फूट. सगळा भार बाजूच्या भिंतींवर, आणि रस्त्याकडची देखणी भिंत बिचारी फारसं काही न उचलता नुसती उभी. म्हणूनच ती काळाच्या ओघात पुढे पोट काढते, आणि मग तिला लोखंडी सळईने आतल्या लाकडाला बांधून बाहेर चांदणीच्या आकाराची पट्टी ठोकतात. इथल्या जुन्या भिंतींवर अशा लोखंडी चांदण्या दिसतात. मला आधी ती नक्षी वाटली होती!

गरिबांसाठी याहून लहान घरं होती. एका मजल्यावर एकच खोली, अशा तीन खोल्या एकावर एक. त्यांना 'ट्रिनिटी' म्हणतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, प्रत्येकाला एकेक मजला. आमचं त्या मानाने सुखवस्तू म्हणायचं. आमच्या घराचं पहिलं खरेदीखत १८४७ चं आहे. तेव्हा हा भाग फिलाडेल्फिया शहरात नव्हताच, साउथवार्क नावाचा वेगळा भाग होता. १८५४ साली असे आजूबाजूचे सगळे भाग शहरात सामील केले गेले.

आता कपाटांकडे येते, कारण खरं दुखणं तेच. या घरात एकही कपाट नव्हतं. जुनी घरं दाखवणारे गाईड एक गोष्ट हमखास सांगतात, की पूर्वी कपाटाला खोली समजून कर लावायचे, म्हणून लोक कपाटं करत नसत. मीही ती पाहुण्यांना वर्षानुवर्षं ऐकवली. त्या कराचा कायदा मात्र कोणाला कधी दाखवता आलेला नाही. खिडक्या मोजल्या होत्या, हे खरं. १७९८ च्या केंद्र सरकारच्या घरकरासाठी खिडक्यांची आणि काचांची मोजदाद झाली, आणि त्यावरून १७९९ मध्ये याच पेनसिल्व्हेनियात जर्मन शेतकऱ्यांनी बंडही केलं. पण कपाटांवर कर? छे. साधं कारण असं की ठेवायला कपडेच नव्हते. एक रोजचा जोड, एक चर्चचा. ते खुंटीला टांगायचे नाहीतर घडी करून पेटीत ठेवायचे. हँगरला लावून ओळीने कपडे टांगायची रीत एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा रुळली.

हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपलं काय वेगळं होतं?" आईचं सगळं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. दहा बाय बाराच्या दोन खोल्या, माणसं नऊ. खुंट्या, कोनाडे, दोरीवरचे कपडे, माळ्यावर गाद्या आणि लोणच्याच्या बरण्या, कॉटखाली ट्रंका. ट्रंकेत काय आहे हे फक्त आजीला माहीत. आई म्हणायची, आमच्याकडे वस्तूला जागा नव्हती, वेळ होती. म्हणजे रात्री अंथरूण, सकाळी त्याच जागी पाट, दुपारी निवडणं, संध्याकाळी परवचा.

असो. पुन्हा कामाकडे.

एक ठेकेदार ठरवला. त्याने तळमजला पाहिला आणि डाव्या भिंतीचा फुगवटा दाखवला. पाच फूट रुंद, पावणेदोन फूट खोल, १९७० च्या दशकात कोणीतरी वरून पॅनेल ठोकून झाकलेला. "ही जुनी चिमणी. मेलेली आहे. काढून टाकू, तुम्हाला पावणेदोन फूट मिळतील." परवानगी लागेल का, तर म्हणे आतल्या कामाला काही लागत नाही. माझा विश्वास बसला. खरं सांगायचं तर मला विश्वास ठेवायचा होता. साडेतेरा फुटांच्या घरात पावणेदोन फूट म्हणजे काय, ते अशा घरात राहिलेल्यालाच कळेल.

शुक्रवारी दुपारी त्यांनी पॅनेल काढलं, गिलावा पाडला आणि वीस-पंचवीस विटा काढल्या. संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. शेजारच्या आजी. वय चौऱ्याऐंशी, याच घरात जन्मलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. हातावर, एप्रनवर काळंकुट्ट. म्हणाल्या, तळघरात धाडकन काजळीचा ढीग पडलाय, तुमच्याकडे काय चाललंय?

चिमणी मेलेली नव्हती. आमच्या बाजूने मेलेली होती. छपरावर दिसणारं धुराडं दोन्ही घरांचं एक, आतून विटेच्या पडद्याने विभागलेलं, आणि शेजारणीच्या पाणी तापवायच्या बंबाचा गॅस त्यातूनच वर जात होता. आम्ही आणखी खणलं असतं तर तो विषारी वायू वर जायच्या ऐवजी आमच्या आणि त्यांच्या घरात पसरला असता. त्याला वास नसतो, रंग नसतो. रात्री झोपलेलं माणूस सकाळी उठत नाही. शिवाय वरच्या दोन मजल्यांचं आणि छपरावरचं विटांचं सगळं ओझं याच फुगवट्यावर टेकलेलं.

बंब लगेच बंद केला. स्ट्रक्चरल इंजिनियर आणला, तो तासभर टॉर्च घेऊन आत डोकावत होता आणि फारसं बोलला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. आधार दिला, परवानगी काढली, ठेकेदार बदलला. अकरा दिवस शेजारच्या आजींना गरम पाणी नव्हतं. त्या आमच्याकडे आंघोळीला यायच्या, टॉवेल आणि साबण घेऊन, आणि जाताना दर वेळी "थँक यू" म्हणायच्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. एकदा मी माफी मागायला लागले तर त्यांनी विषय बदलून आजोबांची गोष्ट सांगितली.

त्यांचे आजोबा इटलीहून आलेले, बंदरावर हमाली करणारे. असा माणूस घर कसा घेतो? या शहरात त्याची एक युक्ती होती. १८३१ साली फ्रँकफर्ड गावात ऑक्सफर्ड प्रॉव्हिडंट नावाची सोसायटी निघाली. अमेरिकेतली ही पहिली 'बिल्डिंग अँड लोन' संस्था. सभासदांनी दर महिन्याला ठरावीक पैसे भरायचे, आणि जमलेल्या रकमेवर बोली लावून एकेकाने घरासाठी कर्ज उचलायचं. म्हणजे चक्क लिलाव भिशी! पहिलं कर्ज ३७५ डॉलरचं, ते घेणारा कॉम्ली रिच फण्या बनवायचा आणि गावातले दिवे लावायचा. पुढे प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक जमातीच्या अशा सोसायट्या निघाल्या, आयरिश, जर्मन, इटालियन. फिलाडेल्फियाला 'घरांचं शहर' हे नाव त्यातून पडलं, आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात या शहराने मोठ्या दिमाखात काय मांडलं, तर कामगाराचं ओळीतलं दुमजली घर. आजींकडे आजोबांचं ते भिशीचं, म्हणजे सोसायटीचं, पुस्तक अजून आहे. दर महिन्याचा आकडा, पुढे सही. ते पुस्तक चिमणीच्या त्यांच्या बाजूच्या कोनाड्यात ठेवलेलं असतं. काजळी त्याच्यावरही पडली होती.

सगळ्यांना ही भिशी लाभली असं मात्र नाही. आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर जुना सातवा वॉर्ड आहे. तिथे १८९६ साली डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस नावाचा तरुण संशोधक घरोघर फिरला आणि कृष्णवर्णी वस्तीतल्या माणसांची, खोल्यांची, भाड्याची मोजणी केली. १८९९ साली 'द फिलाडेल्फिया निग्रो' हे त्याचं पुस्तक आलं. त्यातला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. २४४१ कुटुंबांपैकी संडास-बाथरूमची सोय फक्त ३३४ जणांना. सातातल्या एकालाही नाही. विटा त्याच, रुंदी तीच. आत किती माणसं आणि भाडं कोणाच्या खिशात, एवढाच फरक. त्याच १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तिथल्या चाळींमधल्या खोल्या मोजायला माणसं फिरायला लागली. दोन शहरांत एकाच सुमाराला कोणीतरी दार ठोठावून विचारतंय, "या खोलीत किती जण झोपता?"

तर, काढलेल्या विटा पुन्हा लावायच्या होत्या. नवीन गवंड्याने पहिलं काय केलं असेल, तर आम्ही आणून ठेवलेली सिमेंटची पोती परत पाठवली. या जुन्या विटा मऊ, भाजणी कमी. त्यांच्यामध्ये चुनाच हवा. चुना ओल आत-बाहेर जाऊ देतो, घर थोडं हललं तर तोही हलतो. कडक सिमेंट भरलं की ओल विटेत अडकते, थंडीत गोठते आणि विटेचा पापुद्रा निघून येतो. आमच्या मागच्या भिंतीला पूर्वीच्या मालकाने सिमेंट थापलं होतं, तिथे विटा खरोखरच सोलल्यासारख्या झाल्या होत्या. चुन्याची घाणी फिरवून वाडे बांधणाऱ्या आपल्या गवंड्यांना हे सांगावं लागलं नसतं.

आणि तेव्हा ते सापडलं. फुगवट्याच्या एका बाजूला जिना होता, दुसऱ्या बाजूला सपाट पॅनेल. गवंड्याने ते काढलं तर आत फडताळ! अडीच फूट रुंद, पावणेदोन फूट खोल, जमिनीपासून छतापर्यंत. पाइनच्या पाच फळ्या आणि खाली चार लाकडी खुंट्या. चिमणीच्या बाजूची रिकामी जागा फुकट कशी घालवायची म्हणून १८४७ च्या सुताराने केलेलं. मी जी जागा मिळवायला भिंत पाडायला निघाले होते, ती भिंतीच्या शेजारीच बंद करून ठेवलेली होती.

आई २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आली तेव्हा काम अर्धवटच होतं. तिने फडताळ पाहिलं, फळीवर हात फिरवला आणि म्हणाली, "हे डाळी-तांदळाचं. आणि तो जिना आतून पोकळ आहे ना? मग पायऱ्यांना कप्पे कर. आणि इतकं उंच छत मोकळं ठेवून काय करता गं तुम्ही?" झालं. जिन्याखाली तीन खणांचे ड्रॉवर, मागच्या खोलीत दारावर माळा, आईच्या कॉटखाली चाकांच्या पेट्या. एका कागदावर पेन्सिलीने तिने काढून दिलं. नवऱ्याने कॉम्प्युटरवर केलेल्या नकाशापेक्षा त्यात जास्त सामान बसलं, हे त्यानेही मान्य केलं. (त्याने मान्य केलं हे इथे नोंदवून ठेवते.)

बाथरूमसाठी मागच्या परसात चार फूट वाढवायचं ठरलं. ड्रेनेजची पाइप टाकायला खणलं तर तीन फुटांवर विटांचं गोल कडं लागलं. मला वाटलं विहीर. गवंडी हसला. ती संडासाची विहीर. गटारं येण्याआधी प्रत्येक घरामागे असायची, आणि घरात फुटेल, मोडेल, नको होईल ते सगळं लोक त्यात टाकायचे. पुरातत्त्ववाले या शहरात असे खड्डे शोधतच असतात. नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरच्या इमारतीआधी तिथल्या उत्खननात आणि पुढे अमेरिकन रेव्होल्यूशन म्युझियमच्या जागेवर अशा खड्ड्यांतून ढीगभर वस्तू निघाल्या. आमच्या खड्ड्यात वरच्या थरात निघाल्या कालवांच्या शिंपा, मातीच्या चिलमीचा तुकडा, निळ्या नक्षीच्या बशीचे तीन तुकडे आणि हाडाची दोन बटणं. त्याच्या खाली आम्ही गेलो नाही, माती भरून वरून पाइप वळवून घेतली. आई खुर्ची टाकून बघत बसली होती. "म्हणजे इथंच होतं होय!" म्हणाली, "चांगलं आहे. जागा बदलायला नको."

थंडी पडली तशी तिला एक वेगळीच आठवण झाली. "आनंदीबाई इथेच होत्या ना गं?" होत्या. १८८३ ते १८८६, विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात. कॉलेज उत्तरेकडे, जिराड कॉलेजच्या शेजारी, आजूबाजूला अशाच विटांच्या घरांच्या ओळी. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. रमाबाईंचं 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' १८८७ साली छापलं गेलं ते याच शहरात. आणि परत गेल्यावर १८८९ साली 'यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' मध्ये त्यांनी मराठी वाचकांसाठी अमेरिकेतल्या घरांविषयी, घरातल्या रीतींविषयीही लिहिलं. आनंदीबाई मात्र २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीस पुरे व्हायच्या आत. आईला या तारखा माझ्याआधीपासून पाठ आहेत. तिला हवं होतं ते वेगळं. "एवढ्या थंडीत ती पोर लुगडी वाळत कुठे घालत असेल?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने तळघरातल्या तुळयांना दोरी बांधून घेतली.

काम २०२३ च्या मे महिन्यात संपलं. अंदाजापेक्षा खर्च जवळजवळ दीडपट झाला, त्यात चिमणीचा वाटा सगळ्यात मोठा. शेजारच्या आजींच्या तळघराची सफाई आणि त्यांचा नवा बंब आम्ही करून दिला. त्यांच्या बैठकीच्या भिंतीला पडलेली चीर त्यांनी मात्र बुजवू दिली नाही. म्हणाल्या, राहू दे, मुलांना दाखवायला. दुपारी त्या आणि आई बाहेरच्या संगमरवरी पायऱ्यांवर बसतात. आईला इंग्रजी बेताचं, आजींना ऐकू कमी येतं, त्यामुळे दोघींचं छान जमतं. मधल्या काळात त्यांनी आईला त्या पायऱ्या घासायच्या कशा ते शिकवलं, आणि आईने त्यांना फडताळ उघडून दाखवलं. आजी बराच वेळ आत बघत होत्या. मग म्हणाल्या, आमच्याकडेही त्या बाजूला पॅनेल आहे.

पुढच्या आठवड्यात गवंडी येतो आहे, त्यांच्याकडे. या वेळी परवानगी आधी काढली आहे.